यंत्राला ठेका शिकवताना : अरेंजर कीबोर्डवर मराठी गाण्याची साथ

दोह्यातील मराठी घरांत गणेशोत्सव किंवा दिवाळी पहाट जवळ आली, की शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी तालमी सुरू होतात. गायला उत्सुक माणसे पुष्कळ असतात. अडते ते साथीपाशी. तबला वाजवणारा नेमका सुटीवर गावी गेलेला असतो, ढोलकीवाल्याची रास लाफानला पाळी लागलेली असते आणि कार्यक्रमाची तारीख तर ठरून गेलेली असते. अशा वेळी कोणाच्या तरी दिवाणखान्यातला अरेंजर कीबोर्ड बाहेर निघतो. डाव्या हाताची तीन बोटे पट्ट्यांवर टेकताच त्यातून ड्रम, बास, गिटार, व्हायोलिन असा सगळा ताफा वाजू लागतो. पहिली दहा मिनिटे सर्वांना हायसे वाटते. मग गाणारा थबकतो. चाल तीच आहे, सूरही बरोबर आहेत, तरी गाणे आपले वाटत नाही.

दोष गाणाऱ्याचा नसतो, आणि बहुधा यंत्राचाही नसतो. यंत्रात भरून आलेली साथ वेगळ्या संगीतासाठी बांधलेली असते. तिची निवड कशी करावी, तिच्यातले काय ठेवावे आणि काय गाळावे, गाणाऱ्याच्या मागून चालायला तिला कसे लावावे, हे उमगले तर त्याच कीबोर्डवर अभंगही शोभतो आणि लावणीही.

अरेंजर हे माणसाचे नाव होते

मुंबईच्या चित्रपटसंगीतात ‘अरेंजर’ हे यंत्राचे नव्हे, माणसाचे नाव होते. संगीतकाराने चाल बांधायची. कोणत्या ओळीमागे कोणते वाद्य वाजेल आणि कोठे सर्वांनी गप्प बसायचे, हे अरेंजरने ठरवायचे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी काम करणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा असोत, वा मराठी-हिंदी दोन्हीकडे संगीत संयोजक म्हणून नावाजलेले अनिल मोहिले असोत, त्यांच्या कामाची सुरुवात चाल ऐकण्यापासून होई.

हेच काम घरगुती वाद्याकडून करून घेण्याची कल्पना इलेक्ट्रॉनिक ऑर्गनपासून वाढत आली. १९८० साली कॅसिओ कंपनीने ‘कॅसिओटोन’ बाजारात आणला आणि पुढे महाराष्ट्रात कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला ‘कॅसिओ’च म्हटले जाऊ लागले. १९८८ च्या सुमारास रोलंडच्या ई-२० सारख्या वाद्यांनी तयार साथीला अधिक सफाई दिली. आज यामाहाची पीएसआर-एसएक्स मालिका, २०१७ चा जेनोस व २०२३ चा जेनोस-२, किंवा कॉर्गची पीए मालिका ही या जातीची प्रमुख वाद्ये आहेत. त्यांचा आवाज खऱ्या वाद्यांच्या फार जवळ गेला आहे. एक फरक मात्र उरतो. माणूस असलेला अरेंजर आधी गाणे ऐके आणि मग साथ ठरवी. यंत्राने साथ आधीच ठरवलेली असते आणि गाणे ते ऐकतच नाही. ऐकण्याचे हे राहिलेले काम वादकाला करावे लागते.

स्टाईलच्या पोटात काय असते

तयार साथीच्या एका संचाला ‘स्टाईल’ म्हणतात. यामाहाच्या वरच्या श्रेणीतील वाद्यांत तिचे भाग साधारण असे असतात : प्रारंभासाठी तीन इंट्रो, गाण्यासाठी ए ते डी असे चार मेन, एका भागातून दुसऱ्यात जाताना वाजणारे फिल-इन, क्षणभर ताल तोडणारा ब्रेक आणि समाप्तीसाठी तीन एंडिंग. प्रत्येक भागात आठ वाहिन्या असतात. दोन तालवाद्यांच्या, एक बासची, दोन कॉर्डच्या, एक लांब स्वरांच्या पॅडची आणि दोन छोट्या सुरावटींच्या, म्हणजे फ्रेजच्या. कॉर्गमध्ये नावे व मांडणी वेगळी असली तरी तत्त्व तेच.

ही सारी सामग्री कारखान्यात एकाच मूळ कॉर्डवर ध्वनिबद्ध करतात. यामाहात तो सहसा सी मेजर सेव्हन्थ असतो. वादकाने डाव्या हाताने दुसरी कॉर्ड धरली, की ठरलेल्या नियमांनी यंत्र त्या सुरावटी नव्या कॉर्डवर हलवते. म्हणजे यंत्राला कॉर्ड कळते; राग, सम किंवा गाण्याचे शब्द कळत नाहीत. मराठी गाण्याशी होणारे बहुतेक खटके येथूनच उद्भवतात.

नावावरून नव्हे, मात्रांवरून निवड

स्टाईल निवडताना पहिली चूक होते ती पडद्यावरचे नाव वाचून. ‘भजन’ असे नाव दिसले म्हणून तीत वारकरी भजनाचा ठेका असेलच असे नाही, आणि ‘बॅलड’ नावाखाली एखाद्या भावगीताला चालेल असा संथ आठ मात्रांचा प्रवाह सापडूही शकतो. म्हणून कीबोर्ड सुरू करण्यापूर्वी गाणे टाळीवर म्हणून पाहावे. सहाचे आवर्तन असेल तर दादरा, सातचे रूपक, आठचे केरवा, धुमाळी किंवा भजनी ठेका, दहाचे झपताल. मग लय ठरवावी. केरव्याची एक मात्रा पाश्चात्य पद्धतीत सहसा अर्ध्या ठोक्याची धरतात. म्हणून मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत अभंग गायचा असेल, तर कीबोर्डवर ८० हा आकडा लावावा लागतो. हे गणित ध्यानात न घेतल्यास साथ दुप्पट धावते किंवा निम्म्याने रेंगाळते.

मात्रांची संख्या जुळली तरी वजन जुळते का, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे. केरव्यात पहिल्या मात्रेवर टाळी आणि पाचवीवर खाली असते. पाश्चात्य चार ठोक्यांच्या स्टाईलमध्ये मोठा ड्रम बहुधा पहिल्या व तिसऱ्या ठोक्यावर, म्हणजे आपल्या पहिल्या व पाचव्या मात्रेवर पडतो. स्नेअर ड्रमचा कडक आघात तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर येतो. जेथे ठेक्याने हलके व्हायचे, नेमके तेथेच यंत्र पाय आपटते. दादऱ्याच्या जागी वॉल्ट्झ लावल्यावर हेच घडते. वॉल्ट्झ तीन-तीन ठोक्यांनी चालतो आणि दर तिनाच्या आरंभी तेवढाच जोर देतो; दादऱ्यातील चौथ्या मात्रेची खाली त्यात हरवते. म्हणून सहा मात्रांच्या गाण्यासाठी सहा-आठ अशी खूण असलेली स्टाईल शोधणे बरे. रूपकाची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याची समच खालीवर असते, त्यामुळे आवर्तनाच्या आरंभी घुमणारा बास तेथे उघड चूक ठरतो.

आखाती बाजारातील ‘ओरिएंटल’ वाद्ये

कतारमध्ये राहणाऱ्यांना एक अधिकची संधी असते. अरबी संगीतासाठी काढलेली ‘ओरिएंटल’ मॉडेले आखाती देशांत मिळतात. यामाहाचे २०२१ चे पीएसआर-ए५००० हे त्यांपैकी एक. दरबुका, रिक, दफ ही वाद्ये आणि अरबी ताल त्यांत भरपूर असतात. पोवाड्याचा आपला डफ नावाने आणि रूपानेही या दफाचाच नातेवाईक आहे. हाताने वाजणाऱ्या चर्मवाद्यांचा तो आवाज रॉकच्या ड्रमसेटपेक्षा मराठी गाण्याला सहज सामावून घेतो. आठ घटकांचा ‘मकसूम’ हा अरबी ताल ध्वनी बदलून आणि आघात हलके करून केरव्याच्या कामी आणता येतो.

पण येथेही केवळ आकड्यांवर भिस्त ठेवू नये. अरबी ‘समाई’ दहा घटकांचा आहे आणि झपतालही दहा मात्रांचा. समाईची विभागणी तीन-दोन-दोन-तीन अशी, तर झपतालाची दोन-तीन-दोन-तीन. झपतालातील गाणे समाईवर म्हटले तर पहिल्याच आवर्तनात गाणाऱ्याचे पाऊल चुकते.

भारतीय बाजारासाठी यामाहाने काढलेल्या पीएसआर-आय मालिकेत तबला-तानपुऱ्यावर रियाझ करण्याची सोय आहे. सुटीहून परतताना असे वाद्य आणणे हाही पर्याय असतो. मात्र विकत घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : यात स्टाईल केवळ वाजवता येते, की घडवताही येते? स्वस्त मॉडेलांत बाहेरची स्टाईल भरता आली, तरी ती आतून बदलण्याची सोय सहसा नसते. यामाहाच्या पीएसआर-एसएक्स मालिकेत ‘स्टाईल क्रिएटर’ आणि कॉर्गच्या पीए मालिकेत स्टाईल ध्वनिबद्ध करण्याची रीत ती सोय देते. तसेच एका कंपनीची स्टाईल दुसऱ्या कंपनीच्या वाद्यात जशीच्या तशी चालत नाही. मंडळातील दोघा-तिघांनी मिळून साठा करायचा असेल, तर एकाच कंपनीची वाद्ये असणे सोयीचे.

आधी वजाबाकी

स्टाईल बदलण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत गुणकारी पायरी म्हणजे वजाबाकी. तीत काही ध्वनिबद्ध करावे लागत नाही. मिक्सरच्या पानावर जाऊन तालाच्या दोन वाहिन्या सोडून बाकी सर्व बंद कराव्यात आणि गाणे म्हणून पाहावे. मग केवळ बास सुरू करावा. गाण्याला त्याने आधार मिळतो की अडथळा होतो, हे गाणाऱ्यालाच विचारावे. त्यानंतर एखादी कॉर्डची वाहिनी किंवा मंद पॅड. फ्रेजच्या दोन वाहिन्या बहुतेक मराठी गाण्यांत बंदच राहिलेल्या बऱ्या. दोन ओळींमधली जागा भरण्याचे काम उजव्या हाताने, गाणाऱ्याची चाल पाहून करायचे असते. बासरी किंवा पेटीच्या आवाजातला चार स्वरांचा जिवंत तुकडा तयार व्हायोलिनच्या ताफ्यापेक्षा अधिक काही सांगून जातो.

दुसरी पायरी ध्वनी बदलण्याची. तालाच्या वाहिनीवर ड्रमसेटऐवजी भारतीय वाद्यांचा संच लावता येतो. एक अडचण येते : प्रत्येक संचात कोणत्या पट्टीवर कोणते वाद्य ठेवले आहे, हे निराळे असते. जेथे स्नेअर वाजत होता तेथे अचानक झांज वाजू लागते. म्हणून संच बदलल्यावर एकेक आघात ऐकून नको तो काढावा लागतो.

तबल्याच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. दायाँ षड्जात मिळवलेला असतो. एका गायिकेसाठी काळी चार आणि पुढच्या गायकासाठी काळी एक अशी पट्टी बदलताना वादक ट्रान्स्पोजचे बटण दाबतो. कीबोर्डचे सूर सरकतात, ड्रमसंच मात्र जागीच राहतो. तबल्याचा नाद मग गाण्याच्या षड्जाशी भांडू लागतो. ज्या मॉडेलात संचातील एकेका ध्वनीचा सूर बदलता येतो, तेथे प्रत्येक पट्टीसाठी तो मिळवून ठेवावा. ती सोय नसेल तर घुमणारा ‘ना’ टाळून ढोलक, खंजिरी, टाळ यांवर भर द्यावा.

कॉर्ड आणि राग

पेटीवरचा वाद मराठी रसिकांना ठाऊक आहे. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमवर बंदी घातली होती. तिचे सूर ठरीव असतात आणि तिच्यावर मींड निघत नाही, हा मुख्य आक्षेप होता. त्याआधी, १९३२ साली, कैरो येथे भरलेल्या अरबी संगीत परिषदेतही पियानोसारख्या ठरीव सुरांच्या वाद्यांना अरबी संगीतात स्थान असावे काय, यावर बरीच चर्चा झाली होती. आखातातल्या ‘ओरिएंटल’ कीबोर्डवरील पाव स्वराची बटणे त्याच प्रश्नाचे आजचे उत्तर आहेत.

ही सोय मराठी वादकालाही उपयोगी पडते. ‘स्केल ट्यून’ या पानावर प्रत्येक स्वर सेंट या मापाने खाली-वर करता येतो. षड्जाशी शुद्ध मिळणारा गंधार कीबोर्डच्या ठरीव गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, धैवत सुमारे १६ आणि निषाद सुमारे १२. तानपुऱ्यावर चालणाऱ्या संथ अभंगासाठी हे तीन स्वर उतरवून पाहिले तर फरक तत्काळ कानाला कळतो. पट्टी बदलली की ही मांडणीही नव्या षड्जाप्रमाणे तपासून घ्यावी लागते.

अधिक मोठा प्रश्न कॉर्डचा. भूप रागातील चाल सी या षड्जावर घेतली, तर सवयीने तीन कॉर्ड वाजवल्या जातात : सी, एफ आणि जी मेजर. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य आहेत. एफच्या कॉर्डमध्ये मध्यम येतो, जीच्या कॉर्डमध्ये निषाद. भूपाच्या पाच स्वरांत पूर्ण बसणाऱ्या साध्या कॉर्ड दोनच : सी मेजर आणि ए मायनर. मालकंसात तर षड्जावरची मायनर कॉर्डसुद्धा चालत नाही, कारण तिच्यात पंचम आहे. तेथे एफ मायनर किंवा ए फ्लॅट मेजर रागाच्या स्वरांत राहतात. कॉर्ड योग्य असली तरी स्टाईलमधला बास येता-जाता वर्ज्य स्वराला स्पर्श करू शकतो. म्हणून बासची वाहिनी ऐकून ठेवावी.

यावर एक साधा उपाय आहे. यामाहाच्या ‘फिंगर्ड’ पद्धतीत डाव्या हाताने केवळ षड्ज व तार षड्ज धरता येतात, किंवा षड्ज-पंचम. तेव्हा साथ पूर्ण कॉर्ड न वाजवता तेवढ्याच स्वरांवर राहते आणि तानपुऱ्यासारखा आधार मिळतो. मालकंसासारख्या पंचमवर्ज्य रागात पहिली जोडी घ्यावी. भावगीत किंवा चित्रपटगीत मुळातच कॉर्डवर बांधलेले असेल, तर अर्थातच हा संयम अनावश्यक.

यंत्राने थांबावे कसे

अभंगापूर्वीचा आलाप, लावणीतला शब्दावरचा ठहराव, अंतऱ्यानंतर ध्रुवपदावर येताना घेतलेला श्वास या जागी तबलजी हात उचलतो. यंत्राला तसे सांगावे लागते. ‘सिंक स्टॉप’ सुरू ठेवले, की डावा हात पट्ट्यांवरून उचलताच साथ थांबते आणि पुन्हा टेकताच सुरू होते. गाण्याचा उठाव समेच्या आधी असेल, तर इंट्रोच्या भानगडीत न पडता गाणाऱ्याला उठाव एकट्याने घेऊ द्यावा आणि ‘सिंक स्टार्ट’ ठेवून डावा हात बरोबर समेवर टेकवावा.

भजन रंगले की लय वाढते, आणि वाढायलाच हवी. ती ‘टॅप टेम्पो’ने गाणाऱ्याच्या टाळीप्रमाणे वाढवावी, पडद्यावरच्या आकड्याशी गाणाऱ्याला बांधू नये. कोणी दोन मात्रा आधी शिरलेच, तर एसएक्स मालिकेत हेच बटण चालू भाग पुन्हा आरंभापासून सुरू करण्यासाठी लावून ठेवता येते. यंत्राला समेवर आणण्याचा तो झटपट मार्ग. तालमीतच ही सवय केली, तर कार्यक्रमात घाबरगुंडी उडत नाही.

स्वतःची स्टाईल

वजाबाकी करूनही भागत नसेल, तेव्हा नवी स्टाईल घडवावी. स्टाईल क्रिएटरमध्ये आधी तालाची खूण आणि लांबी ठरवावी. रूपकासाठी सात मात्रांची खूण आरंभीच निवडावी लागते. मग तालाच्या वाहिनीवर ठेका सावकाश लयीत, शक्यतो तबला जाणणाऱ्याच्या हातून, पट्ट्यांवर वाजवून घ्यावा. यंत्राने आघात मोजून रेषेत बसवण्याची जी सोय दिली आहे, ती जपून वापरावी. ठेक्यातला झोल नाहीसा झाला की उरते ती केवळ टिकटिक.

चार मेन भागांची वाटणी अशी करता येते : ‘ए’मध्ये साधा ठेका, ‘बी’मध्ये अंतऱ्यासाठी थोडा भरणा, ‘सी’मध्ये लग्गी, ‘डी’मध्ये शेवटच्या गजरासाठी टाळ-ढोलकीसह पूर्ण जोर. यामाहात फिल-इनची लांबी एकाच मापाची असते. केरव्याच्या आठ मात्रा एका मापात बसवल्या असतील, तर त्यात छोटी तिहाई भरता येते. त्रितालासाठी सोळा मात्रा दोन मापांत मांडाव्यात.

तयार झालेली स्टाईल, तिची पट्टी, लय, उजव्या हाताचा आवाज आणि बंद ठेवलेल्या वाहिन्या हे सारे ‘रजिस्ट्रेशन’मध्ये गाण्याच्या नावाने साठवावे. एक प्रत यूएसबीवर वेगळी ठेवावी. दिवाणखान्यात घडवलेली साथ इंडियन कल्चरल सेंटरच्या अशोका हॉलसारख्या सभागृहात मोठ्या स्पीकरवरून अधिक जड वाटू शकते. म्हणून आवाजाच्या तपासणीत बास व मोठा ड्रम पुन्हा ऐकून उतरवावेत. आणि कतारच्या उन्हाळ्यात तालमीहून परतताना कीबोर्ड गाडीच्या डिकीत कधीही विसरू नये. बंद गाडीतली उष्णता त्याच्या पडद्याला आणि पट्ट्यांना सोसत नाही.

दोह्यात वाढणारी अनेक मुले मराठी गाणे प्रथम अशाच तालमीत, अशाच साथीवर म्हणतात. पाचव्या मात्रेला ठेका हलका होतो, समेपूर्वी श्वास घ्यायचा असतो, गाणारा थांबला की साथ थांबते, हे त्यांच्या कानावर कीबोर्डमधून पडले तर पुढे खऱ्या तबल्यासमोर बसताना ती बावरत नाहीत. ते पडले नाही, तर यंत्राच्या मागे धावणे म्हणजेच गाणे, असा त्यांचा समज होतो. म्हणून सुटीवर गेलेला तबलजी ज्या दिवशी परत येईल, त्या दिवशी तालाच्या दोन्ही वाहिन्या बंद कराव्यात आणि कीबोर्डने पुन्हा पेटीच्या जागी, गाणाऱ्याच्या शेजारी बसावे.